गरम मालावर सही

जबलपूरचे आमचे घरमालक ताजं अन्न खात नसत. पथ्य नव्हतं, व्रत नव्हतं. कंजूष म्हणावं, तर वरणभातावर तुपाची अख्खी वाटी उपडी करणारा तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आज केलेल्या पदार्थाबद्दल आज काही सांगता येत नाही.

हे मला कळलं ते बिऱ्हाड लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी. चीनची लढाई तोंडावर आली होती, लष्करी सामानाच्या कारखान्यात भरती जोरात चालू होती. माझ्या नवऱ्याला तिथे ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली आणि मी नवी नवरी अकोल्याहून थेट रांझी वस्तीतल्या दोन खोल्यांत येऊन पडले. पुढच्या भागात घरमालक आणि काकू, मागच्या भागात आम्ही, मधे अंगण आणि अंगणात सामाईक नळ. ओळख व्हावी म्हणून मी सकाळी शिरा केला. आईने शिकवलेला, केळं घातलेला, तूप सुटलेला. वाटी घेऊन पुढे गेले. घरमालकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, "अच्छा" म्हणाले. मग वाटीवर एक ताटली झाकली, सदऱ्याच्या खिशातून खडू काढून ताटलीवर 'मंगळ' असं लिहिलं आणि वाटी फडताळात ठेवून दिली.

मी घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, "अगं, त्यांचं पोट भरलं असेल." पोट भरलेला माणूस झाकणावर वार लिहितो का?

बुधवारी सकाळी मी नळाखाली हंडा लावला होता, तर ते घासलेली वाटी घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "कालचा शिरा. रवा नीट भाजला आहे. केळं जरा लवकर घातलं, म्हणून काळं पडलं. वेलची कुटलेली नाही, नुसती चेचलेली आहे. एकूण पास." वाटी ओट्यावर ठेवली, सायकलवर टांग मारली आणि कारखान्यात निघून गेले. मला असा राग आला म्हणता! पण हंडा भरून वाहायला लागला तरी मी तिथेच उभी होते, कारण वेलची खरंच चेचलेली होती. माझ्या स्वयंपाकाकडे इतकं लक्ष तोवर कोणीच दिलं नव्हतं. माझा नवरा शिरा आणि उपमा यांतला फरक साखरेवरून ओळखतो.

कारखान्यात ते तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा. ते गेज लावून माप घ्यायचे आणि माप बरोबर असेल तर कागदावर सही करायचे. सही झाल्याशिवाय भाग पुढे जात नसे. त्यांचा एक नियम अख्ख्या शॉपला, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागाला, पाठ होता: गरम मालावर सही नाही. लोखंड गरम असलं की फुगतं, आणि फुगलेल्या लोखंडाचं माप घेतलं तर गेज खोटं बोलतो. आज चपखल बसलेला भाग उद्या ढिला निघतो. हा काही त्यांनी लावलेला शोध नव्हता, प्रत्येक तपासनिसाला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण बाकीचे तपासनीस संध्याकाळचा भोंगा झाला की हा नियम टेबलाच्या खणात ठेवून घरी जायचे. यांनी तो घरी आणला.

त्यांचं म्हणणं असं, की गरम असताना सगळंच चांगलं लागतं. त्यात पदार्थाचा काय पराक्रम? वाफ असते, वास असतो, भूक असते, सगळं मिळून पदार्थ फुगलेला असतो. तो निवू द्यावा, मुरू द्यावा, मग खावा आणि मग बोलावं. त्यामुळे त्यांच्या घरी स्वयंपाक उद्यासाठी व्हायचा आणि जेवण कालचं असायचं. फडताळात वार लिहिलेली भांडी ओळीने मांडलेली असत. उन्हाळ्यात वरण आंबतं, भाताला वास येतो, म्हणून चैत्र-वैशाखात ते नाइलाजाने त्याच दिवशी जेवायचे. मत मात्र दुसऱ्या दिवशीच द्यायचे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलबी आणली, तर बाकीचं जबलपूर ती दुकानासमोर उभं राहून खातं. हे ती पुड्यात घट्ट बांधून आणत आणि दुसऱ्या सकाळी दुधात बुडवून खात. 'शिळं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. त्यांचा शब्द होता 'निवलेलं'.

कामगार त्यांना 'कल साहब' म्हणायचे. कोणी काही तपासायला आणलं, की उत्तर ठरलेलं: "कल." हे नाव त्यांना आवडायचं. एकदा मला समजावून सांगितलं, "आपल्या मराठीत काल वेगळा आणि उद्या वेगळा. हिंदीवाल्यांनी दोन्हीला मिळून एकच शब्द ठेवला, कल. आणि यंत्रालाही कलच म्हणतात. बघ, किती विचार केला आहे!"

मी म्हटलं, "मग आजला काय म्हणतात, काका?"

"आज काही म्हणत नाहीत. काम करतात."

वर्तमानपत्र ते आमचंच वाचायचे, आमचं वाचून झाल्यावर, म्हणजे एक दिवस उशिरा. एक दिवस थांबलं की अर्ध्या बातम्या आपोआप गळून पडतात, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या लढाईत, पासष्ट साली, सगळी गल्ली रेडिओला कान लावून बसलेली असायची. एका संध्याकाळी समोरचे चौबेजी धावत आले. "भाईसाहब, सुना आपने? पूरी चौकी ले ली अपने जवानों ने!" पेढे वाटले. आम्ही खाल्ले. काकांनी पेढा घेतला, वाटीखाली झाकला, वर वार लिहिला. दुसऱ्या दिवशी कळलं, की ती चौकी अजून घ्यायचीच आहे. काकांनी वाटी उचलली, पेढा खाल्ला आणि चौबेजींना निरोप पाठवला, की पेढा बाकी खरा होता.

आमच्यात श्रावणात शिळासप्तमी असते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार जेवायचं. काकांचा हा मोठा सण. पण चौबेजींच्या घरी हाच सण होळीनंतर यायचा, त्याला ते बासोडा म्हणायचे. काकांनी दोन्ही धरले. चौबेजींची बायको गार पुऱ्या आणि गुलगुले घेऊन आली, की ते उभे राहून ताट घेत आणि म्हणत, "भाभीजी, आपके यहाँ लोग समझदार हैं." तेवढ्यावर ती बिचारी दर वर्षी दुप्पट पुऱ्या आणायला लागली.

आता दिवाळी सांगते. चीनच्या लढाईतली दिवाळी तशी दिवाळी नव्हतीच. कारखान्याच्या सुट्या रद्द, बारा-बारा तासांच्या पाळ्या, फटाके नाहीत, रोषणाई नाही. फराळ मात्र आम्ही बायकांनी केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. खायला माणसंच घरी नव्हती. भाऊबीज उलटली तरी घरोघर डबे भरलेले. माझी पहिलीच दिवाळी. चकल्या एका बाजूने जळाल्या होत्या आणि बेसनाच्या लाडवांचं काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ते फोडायला मी वरवंटा घेतला होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकांची दिवाळी सुरू झाली. पितळेचा मोठा डबा घेऊन ते गल्लीतल्या आमच्या चार-पाच मराठी घरांत फिरले. दारात उभे राहून म्हणायचे, "उरलंसुरलं असेल ते द्या. मोडकं द्या. चांगलं नको." कोणी भिडेने चांगली करंजी घातली, तर ती उचलून परत द्यायचे. मग घरी येऊन काकूंच्या हाती सगळं सोपवलं आणि स्वतः खडू घेऊन पाटावर बसले. काकूंनी ताक घुसळून आंबट-गोड कढी केली आणि चकलीचे सगळे तुकडे तिच्यात सोडले. चिवड्याच्या तळाचा चुरा कांद्यावर परतला. माझे लाडू किसणीवर किसून दुधात आटवले, त्यात फुटक्या करंज्यांचं सारण घातलं, आणि त्याची जी खीर झाली ती पाहून मला स्वतःच्या लाडवांबद्दल जरा बरं वाटायला लागलं. त्या चकलीच्या कढीला त्यांच्या घरात 'तुकडाकढी' म्हणायचे. मी ती अजून करते. माझी नातवंडं चकली अख्खी असतानाच मोडून ठेवतात.

त्या वर्षी तुकडाकढीचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून काका कारखान्यात घेऊन गेले. शॉपमध्ये छिंदवाड्याची, बैतूलची, कुठकुठली सडी पोरं होती, ज्यांना घरी जायला सुट्टी मिळाली नव्हती. पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. एकाने डब्यात डोकावून विचारलं, "बाबूजी, ये क्या है?"

"दिवाली है."

"दिवाली तो हो गई."

"हाँ. इसीलिए तो खिला रहा हूँ."

बैतूलचा एक फिटर खाता खाता थांबला म्हणे. म्हणाला, "मेरी माँ की भी ऐसे ही एक तरफ़ से जल जाती है," आणि तोंड फिरवून उभा राहिला. ती चकली माझी होती. माझ्या चकलीला यापेक्षा मोठी दाद आजवर मिळालेली नाही.

काकूंबद्दल मी अजून काहीच बोलले नाही, आणि खरं तर हे सगळं त्यांच्यामुळेच आठवतं. काकू नागपूरच्या. अंगाने भरलेल्या, हसल्या की नळावर ऐकू येईल असं हसायच्या. एकुलती एक मुलगी रायपूरला दिलेली. सत्तावीस वर्षं त्या या माणसासाठी रांधत होत्या आणि त्यांच्या हातात काय चव होती! पातोडीचा रस्सा, गोळाभात, पुरणाची पोळी. असा स्वयंपाक पानात पडायचा आणि समोरचा माणूस झाकण शोधायचा. कधी पाहुण्यांसमोर चार घास खावेच लागले, तर खाऊन उठायचे. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी, काकू केस विंचरत असताना किंवा धोब्याचे कपडे मोजत असताना, मागून आवाज यायचा, "कालची आमटी बरी होती."

"मला आठवतही नाही गं तोवर, कोणती आमटी," काकू मला म्हणायच्या. "निवडत बसलेली असते मी दुसरीच भाजी. चलो, बरी तर बरी. पण असं वाटते ना पोरी, की एकदा, फक्त एकदा, पोळी तव्यावरून पानात पडली आहे, हात तुपाचे आहेत, अन् माणूस म्हणते आहे, चांगली झाली. बस. याच्यावर काही मागितलं नाही मी. शिळं अन्न चालते मला. शिळं कौतुक काहून खाऊ?"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांना असं सांगा ना."

"सांगितलं की. उद्या बघू म्हणाले."

एका होळीला आम्ही दोघींनी कट केला. त्या दिवशी केलेल्या पोळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून गार केल्या, डब्यात घातल्या आणि झाकणावर काकूंनी खडूने आदल्या दिवसाचा वार लिहिला. अक्षरसुद्धा काकांसारखं काढलं. विचार असा, की पोळी आजची असेल आणि 'चांगली झाली' हेही आजच ऐकायला मिळेल. अगदी गरम नसेना का! काका जेवायला बसले. पोळी उचलली, उजेडाकडे धरली, एक तुकडा मोडला, चावला. मी दाराआड उभी होते, काकूंनी श्वास रोखून धरला होता.

"ही आज सकाळची आहे," काका म्हणाले. "पुरण अजून पोळीत मुरलेलं नाही." मग उरलेली पोळी पुन्हा डब्यात ठेवली, झाकणावरचा वार बोटाने पुसला आणि बरोबर वार लिहिला. "माल खराब नाही. वेळ झालेली नाही."

काकू हसल्या, पण नेहमीसारखं नळावर ऐकू जाईल असं नाही.

कारखान्यातली एक गोष्ट त्याच्याही आधीची, चीनच्या लढाईतली आहे. लढाईची घाई होती, एक मोठी खेप संध्याकाळच्या आत रवाना करायची होती, आणि भाग इतक्यात यंत्रावरून उतरलेले, हात लावू नये असे. एक नवे अधिकारी आले होते. ते म्हणाले, सही करा. काकांनी एक स्टूल आणलं आणि त्या खेपेशेजारी मांडून बसले.

"देश में लड़ाई चल रही है और आप स्टूल डालकर बैठे हैं?"

"जी साहब."

"कर क्या रहे हैं?"

"ठंडा हो रहा है, साहब."

साहेबांनी आवाज चढवला, लेखी जाब मागेन म्हणाले. काका म्हणाले, "माँगिए. कल जवाब दूँगा." पाळी संपली, दुसरी पाळी आली, काका तसेच. दुसऱ्या सकाळी त्यांनी माप घेतलं, तर सात भाग ढिले निघाले. ते बाजूला काढून बाकीच्यांवर सही केली आणि घरी येऊन झोपले. साहेबांनी जाब मागितला नाही, शाबासकीही दिली नाही. कॉलनीत मात्र चर्चा झाली, नवरा दोन दिवस दुसरं काही बोलला नाही. मी काकूंना म्हटलं, "केवढी हिंमत!"

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "साहेबापुढे वाकले नाहीत, ते माझ्या पोळीपुढे काय वाकणार?"

पासष्टच्या उन्हाळ्यापासून काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून सुंठ-साखर झाली, मग वैद्य झाले, मग मोठ्या दवाखान्यात नेऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढला. त्या वाळल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तसा त्यांनी त्यांना दोरा बांधला. भाद्रपद आला. सरहद्दीवर पेटलं होतं, कारखान्यात पुन्हा बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि काकूंनी जाहीर केलं की महालक्ष्म्या बसणारच.

"मी करीन सगळं, तुम्ही पडून सांगा," मी म्हटलं.

तीन वर्षांत मी बरीच तयार झाले होते, तरी त्या दिवशी मला धडकी भरली होती. काकूंची खाट आतल्या खोलीत, दार स्वयंपाकघरात उघडणारं. त्या तिथून हुकूम सोडत होत्या. "डाळ बोटानं दाबून पाहा. चुरली पाहिजे, पळाली नाही पाहिजे." "पुरण करून राहिली का भांडणं करून राहिली? हळू घोट." सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, पोळ्यांना सुरुवात केली. नैवेद्य काकांसाठी थांबला होता. ते त्या दिवशी अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले होते, फोटोत काय निघालं ते विचारायला. अर्धी रजा त्यांनी त्यापूर्वी घेतल्याचं मला आठवत नाही.

दुपारी दोनला ते आले. पाय धुतले. मी हळूच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"उद्या सांगतो," ते म्हणाले. त्यात नवल काहीच नव्हतं.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, ते पानावर बसले. मी तव्यावरची पोळी त्यांच्या पानात टाकली आणि सवयीने झाकणाला हात घातला. ते म्हणाले, "राहू दे." त्यांनी पोळीवर तूप ओढलं. वाफ येत होती. त्यांनी घास मोडला, बोट भाजलं, तरी खाल्ला. पूर्ण पोळी खाल्ली. "अजून एक," म्हणाले. दुसरी पानात पडली, तिच्यातली अर्धी खाल्ली, आणि मग आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, मोठ्या आवाजात, शॉपमध्ये यंत्रं चालू असताना बोलावं लागतं तशा आवाजात ते म्हणाले:

"पोळी चांगली झाली आहे."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी धावत आत गेले. मला आनंद झाला होता आणि थोडं अपराध्यासारखंही वाटत होतं, कारण पोळी माझ्या हातची होती. म्हटलं, "काकू, ऐकलंत का? पुरण तुमचंच हो, मी नुसतं ढवळलं."

काकू छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "गरम होती?"

"तव्यावरची."

"अच्छा." त्यांनी बांगड्यांचा दोरा सारखा केला. मग म्हणाल्या, "दवाखान्यातून आले ना हे?"

"हो."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काका म्हणाले, उद्या सांगतो."

"नाही सांगितलं तरी चालते आता," काकू म्हणाल्या. "कळलं मला."

मला मात्र तेव्हा कळलं नाही. मी परत स्वयंपाकघरात आले, तव्यावरची पोळी करपली होती ती काढली, पुढची लाटायला घेतली, आणि अर्धी लाटून झाल्यावर माझा हात थांबला. पेढा झाकून ठेवणारा, साहेबाला उद्यावर टाकणारा हा माणूस आज बोट भाजून घेऊन गरम पोळीवर बोलला होता. उद्यापर्यंत थांबायची त्याची हिंमत राहिली नव्हती. काकूंनी सत्तावीस वर्षं ज्या चार शब्दांची वाट पाहिली, ते कानावर पडल्याबरोबर त्यांना फोटोत काय निघालं ते समजलं होतं. आणि शब्द आले तेही माझ्या पोळीवर. पानावर काका उरलेली अर्धी पोळी खात होते. मला त्यांचा इतका राग त्यापूर्वी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही. रडूही तसंच आलं.

काकू त्या पौषात गेल्या. काका पुढे निवृत्त होऊन मुलीकडे रायपूरला गेले, आम्हीही क्वार्टर मिळाल्यावर ती जागा सोडली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पण भाद्रपद आणि पौष यांच्या मधले चार महिने सांगायला हवेत.

त्या चार महिन्यांत काकांनी खडूला हात लावला नाही. जे केलं ते गरम खायचे आणि खाता खाताच कौतुक करायचे. मी भात केला, भात छान. मुगाची खिचडी केली, खिचडी फार छान. एकदा तर नुसतं पाणी दिलं, तर पाणी गार आहे म्हणाले. काकू पहिले काही दिवस ऐकत राहिल्या. मग एकदा मला म्हणाल्या, "रोज पास, रोज पास. कारखान्यात असं केलं असतं तर घरी बसवलं असतं यांना." त्या चेष्टेने म्हणाल्या, पण त्यांना ते आवडत नव्हतं. प्रत्येक 'छान' ऐकलं की त्या जरा अधिक गप्प व्हायच्या. मी काकांना सांगून पाहिलं, की इतकं नका हो करू. ते म्हणाले, "वेळ कुठे आहे?"

कार्तिकातल्या एका सकाळी काकूंना जरा हुशारी वाटली. थंडी पडायला लागली होती, उन्हाचा पट्टा स्वयंपाकघरात आला होता. म्हणाल्या, "आज मी कुस्करा करते. कालच्या पोळ्या आहेत ना?" मी नको म्हटलं, पण त्या पाटावर येऊन बसल्याच. मी पोळ्या हाताने चुरून दिल्या, कांदा-मिरची चिरून दिली. त्यांनी बसल्या बसल्या फोडणी केली, मोहरी तडतडली, कढीलिंब पडला, हळद पडली. मधेच एक कळ आली तशी त्या डोळे मिटून थांबल्या. मग पोळीचा चुरा घातला, परतला, वरून चिमूटभर साखर घातली, आणि कढई उतरवून भिंतीला टेकल्या. घाम आला होता. पण चेहरा जुना होता.

काका रात्रपाळीहून आले होते. त्यांच्यासमोर ताटली ठेवली. काकू बघत होत्या. काकांनी घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. ताटली संपवली.

"फार छान," ते म्हणाले. "इतका चांगला कुस्करा कधी झाला नव्हता."

काकूंनी कढईत हात घालून चिमूटभर तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या.

"मीठ नाही याच्यात," त्या म्हणाल्या.

मी मिठाच्या बरणीकडे पाहिलं. ती मी खाली काढलीच नव्हती.

"मीठ नाही, अन् तुम्ही फार छान म्हणता?" काकूंचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत तो तसा ऐकला नव्हता. "सत्तावीस वर्षं खोटं बोलला नाही तुम्ही माझ्याशी. कौतुक नाही केलं, चलो, नाही केलं. पण खोटं नाही बोलला. आता शेवटी शेवटी काहून बोलून राहिले?"

काका ताटलीकडे बघत राहिले. त्यांची हनुवटी हलली. मला वाटलं, ते उठून बाहेर जातील. पण ते उठले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, ताटली पुढे केली, आणि काकूंनी त्यात पुन्हा थोडा कुस्करा वाढला. त्यांनी एक घास घेतला आणि या वेळी अगदी सावकाश चावला.

"मीठ नाही," ते म्हणाले. "फोडणी जळाली आहे. कांदा कच्चा आहे."

"अजून?"

"साखर जास्त झाली."

काकूंनी मान मागे भिंतीला टेकवली आणि पाय पसरले.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बरं वाटलं."